‘कारण : गांजा’ या रकान्याचा इतिहास

संशोधनाकडे वळणाऱ्या मुलामुलींच्या मनात एक प्रश्न असतो, पण तो चारचौघांत कुणी विचारत नाही. गाईडला विचारायची सोय नसते, घरी तर नाहीच. प्रश्न असा : उद्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, इस्रोत किंवा डीआरडीओच्या एखाद्या प्रयोगशाळेत निवड झाली, तर पोलीस पडताळणी होणार. मग होस्टेलवर असताना कधीतरी ओढलेला गांजा त्यात आडवा येतो का?

या प्रश्नाचं दोन ओळींचं उत्तर आधी देतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं नंतर वाचता येईल. आपल्याकडचा साक्षांकन नमुना ‘तुम्ही नशा केली आहे का’ असं विचारत नाही. तो विचारतो अटक, खटला, दंड, शिक्षा आणि विद्यापीठाने केलेली कारवाई. म्हणजे व्यसनाची नाही, व्यसनाच्या नोंदीची चौकशी होते. आणि ती नोंद असून तुम्ही ‘नाही’ लिहिलंत, तर मूळ प्रकरणापेक्षा ते ‘नाही’ जास्त महागात पडतं.

आता हे असं का, हा इतिहासाचा भाग. मी वकील नाही, मूळचा रसायनशास्त्राचा माणूस आहे. त्यामुळे कायद्याचा सल्ला म्हणून हे वाचू नका. पण एखाद्या माणसाचं ‘पूर्वीचं व्यसन’ सरकारी कागदावर कसं उतरतं, कोण उतरवतं आणि ते कितपत खरं असतं, याची एक फार चांगली कहाणी आपल्याच मुलखाशी जोडलेली आहे.

आमची इंझोरी आज वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात येते. पोहरादेवीचा तालुका म्हटलं की लोकांना लवकर कळतं. पण आजचा वाशीम जिल्हा १९९८ चा. त्याआधी हा सगळा भाग अकोल्यात होता, आणि त्याच्याही आधी, १९०५ पर्यंत, ‘बाशीम’ नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि हैदराबादच्या रेसिडेंटच्या देखरेखीखाली चाललं. हे तपशील उगाच देत नाही. जुनी कागदपत्रं शोधायला बसाल तेव्हा कुठलं गाव कुठल्या साली कुणाच्या अखत्यारीत होतं हे माहीत नसेल, तर आठ दिवस चुकीच्या दप्तरात जातात.

त्या काळी गांजा ओढणं हा गुन्हा नव्हता. गांजा हा महसुलाचा माल होता. पिकवायला परवाना, साठवायला सरकारी गोदाम, विकायला लिलावात घेतलेलं दुकान. मध्य प्रांतात खांडव्याच्या बाजूला गांजाची लागवड होई, मुंबई इलाख्यात अहमदनगर, सातारा, खानदेश या भागांत, बंगालमध्ये राजशाहीतल्या नौगावला. सरकारच्या वहीत पिकवणारा होता, ठेकेदार होता, किती शेर माल गेला आणि किती कर आला हे होतं. एक माणूस मात्र वहीत नव्हता : ओढणारा. त्याची नोंद ठेवायचं सरकारला काही कारणच नव्हतं. जो माणूस चार आणे देऊन जातो त्याचं नाव दुकानदार कशाला लिहून ठेवील?

मग ओढणाऱ्याची नोंद पहिल्यांदा व्यवस्थितपणे कुठे झाली? वेड्यांच्या इस्पितळात. (आज आपण मनोरुग्णालय म्हणतो. त्या काळचा शब्द ठेवतोय, कारण त्या शब्दातच त्या काळचा विचार दिसतो.)

१८५८ च्या कायद्याने पोलिसांना असा अधिकार मिळाला होता की रस्त्यावर भटकणारा, धोकादायक वाटणारा वेडा माणूस दिसला तर त्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं, आणि मॅजिस्ट्रेटने डॉक्टरचं मत घेऊन त्याला इस्पितळात पाठवायचं. पाठवताना सोबत एक वर्णनपत्रक जायचं. नाव, वय, जात, धंदा, कुठे सापडला, केव्हापासून वेडा, आणि एक रकाना : वेडाचं कारण.

आता तुम्ही स्वतःला त्या पोलिसाच्या जागी ठेवून बघा. बाजारात सापडलेला एक अनोळखी माणूस. नातेवाईक सोबत नाहीत. तो बोलतोय ते कळत नाही. आणि कागदावर ‘कारण’ असा रकाना आहे, जो वरच्या साहेबाला भरलेला हवा आहे. काय लिहाल? माणूस फाटका दिसतो, फकिरासारखा किंवा गोसाव्यासारखा, कुणीतरी म्हणालं की चिलीम ओढायचा. लिहा : गांजा. रकाना भरला.

पुढची पायरी जास्त गमतीची आहे. इस्पितळाचा प्रमुख हा बहुतेक ठिकाणी त्या गावचा सिव्हिल सर्जन असे. त्याच्याकडे जेल, दवाखाना, प्रेतपरीक्षा हे सगळंच. तो नव्या रुग्णाची नोंद करताना पोलिसाच्या पत्रकातलं कारण आपल्या रजिस्टरात उतरवून घेई. वर्षअखेरीला रजिस्टरची बेरीज होई, बेरजेचा तक्ता प्रांताच्या अहवालात छापला जाई. आता तो तक्ता डॉक्टरच्या सहीचा. हवालदाराचा अंदाज दोन सह्या ओलांडून वैद्यकीय आकडेवारी झाला. आणि त्या आकडेवारीवरून कलकत्ता आणि लंडनमध्ये लोक ठामपणे सांगू लागले की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजाने भरली आहेत.

मार्च १८९३ मध्ये विल्यम केन नावाच्या सभासदाने ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हा विषय काढला. केन हे मद्यपानबंदी चळवळीतले गाजलेले नाव. आधी चौकशी बंगालपुरती करायची होती, ती पुढे सगळ्या हिंदुस्थानाला लागू झाली आणि जुलै १८९३ मध्ये इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं गेलं. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सभासदांत चार इंग्रज अधिकारी, त्यात वॉर्डन हे डॉक्टर आणि रसायनाचे जाणकार, आणि तीन हिंदी सभासद. कमिशनने ११९३ साक्षीदारांचे जबाब गोळा केले. बहुतेकांनी छापील प्रश्नावलीला लेखी उत्तरं पाठवली, काहींची तोंडी साक्ष झाली. वऱ्हाडातले जबाबही त्यात आहेत. १८९४ मध्ये अहवाल आला, अनेक खंडांचा.

कमिशनने इस्पितळांच्या आकड्यांचं जे केलं ते मला आजही आदर्श वाटतं. संशोधन म्हणजे काय हे कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देतो. त्यांनी एक वर्ष निवडलं : १८९२. त्या वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या इस्पितळांत १३४४ माणसं दाखल झाली होती. त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून गांजा, भांग किंवा चरस असं लिहिलेलं होतं. कमिशनने हे तक्ते मान्यही केले नाहीत आणि फेटाळलेही नाहीत. त्यांनी एकेका माणसाची चौकशी नव्याने करवली. हा कुठला? घरी कोण आहे? हा खरंच ओढत होता का? किती, केव्हापासून? वेड लागल्यावर ओढायला लागला की आधीपासून? घरात आणखी कुणाला वेड आहे का?

चौकशी संपल्यावर २२२ पैकी ९८ राहिले. म्हणजे ज्यांच्या बाबतीत गांजाचा काही संबंध रास्तपणे धरता येईल असे अठ्ठ्याण्णव. त्यांतही काहींच्या बाबतीत दुसरी कारणं सोबत होतीच. बाकीच्या १२४ जणांच्या नावापुढचं ‘गांजा’ टिकलं नाही. कुठे तो माणूस ओढतच नव्हता, कुठे ओढत होता पण वेडाशी त्याचा संबंध दिसत नव्हता, कुठे माहितीच एवढी तुटपुंजी होती की काहीही सिद्ध होत नव्हतं.

अर्ध्याहून जास्त नोंदी कोसळल्या. आणि लक्षात घ्या, कमिशनचा निष्कर्ष ‘गांजा निरुपद्रवी आहे’ असा नव्हता. बेतानं ओढणाऱ्याला सहसा मोठा अपाय होत नाही, अति ओढणाऱ्याला होतो, आणि सरसकट बंदी नको, नियंत्रण आणि कर हवा, असा त्यांचा सूर होता. महसूल बुडू नये ही सरकारची सोय त्यात होती का? असणारच. जेम्स मिल्स या इतिहासकाराने वसाहतकाळातली वेड्यांची इस्पितळं आणि गांजा यांवर पुस्तक लिहिलंय. त्याचा मुद्दा असा की इस्पितळात येणारे ‘गांजेकस’ हे मुळात पोलिसांनी निवडलेले होते. गावात कामधंदा करून संध्याकाळी चिलीम ओढणारा शेतकरी कधी पोलिसाच्या नजरेत यायचाच नाही. यायचा तो भटका, बिनघराचा, भीक मागणारा. मग ‘गांजा ओढणारे कसे असतात’ याचं सरकारी चित्र अशा निवडक लोकांवरून रंगवलं गेलं. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे लगेच कळेल : नमुना घ्यायची पद्धतच वाकडी असेल तर आकडे कितीही मोजा, उत्तर वाकडंच येतं.

एवढा वेळ इथे घालवला कारण पुढची गोष्ट याच रकान्याची आहे.

ओढणारा गुन्हेगार कधी झाला? उत्तर तुम्ही कुठे राहत होता यावर अवलंबून होतं. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा फक्त दारूचा नाही. त्याच्या ६६ व्या कलमात मादक पदार्थ बाळगण्याबरोबर सेवन करणंही शिक्षापात्र आहे, आणि गांजा-भांग त्या व्याख्येत येतात. म्हणजे पुण्या-मुंबईचा माणूस १९४९ मध्येच कक्षेत आला. इंझोरी तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर मुंबईचे कायदे टप्प्याटप्प्याने इकडे लागू झाले. तोच कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून चालतो. (त्याच कायद्याखाली दारू पिण्याचा परवाना मिळतो आणि तो ‘आरोग्याच्या जपणुकीसाठी’ असतो. सरकारी फॉर्म आणि वास्तव यांचं नातं समजून घ्यायचं असेल तर तो परवाना एकदा नीट वाचा.)

देशपातळीवर मात्र १९८५ पर्यंत थांबावं लागलं. भारताने १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर सही केली होती. त्यात वैद्यकीय उपयोगाशिवाय होणारा गांजाचा वापर बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत होती. ती संपत आली तसा अमली पदार्थांचा कायदा, म्हणजे एनडीपीएस, १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात आला. नुसत्या पानांची भांग त्याच्या व्याख्येतून सुटली, शेंड्यांचा गांजा आणि चरस अडकले. २७ वं कलम सेवनाचं. आजच्या स्वरूपात त्यात कोकेन, मॉर्फिन, हेरॉइनसारख्यांसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, बाकीच्यांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच कायद्यात ६४ अ हे कलम आहे, ज्याची फार थोड्यांना कल्पना असते. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. अर्थात उपचार पूर्ण करायला हवेत.

म्हणजे बघा, आजोबा ज्या दुकानातून परवान्याचा माल घेऊन येत, त्याच मालासाठी नातवाच्या नावावर गुन्हा दाखल होऊ शकतो. आणि गुन्हा दाखल झाला की नोंद आली. नोंद आली की ती साक्षांकन नमुन्यात येते.

आता तो नमुना. सरकारी नोकरीत रुजू होताना जो भरून घेतात त्याची भाषा विभागागणिक थोडी बदलते, पण गाभा एकच. तुम्हाला कधी अटक झाली होती का? तुमच्यावर खटला भरला गेला का? स्थानबद्ध केलं होतं का? चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेतलं होतं का? न्यायालयाने दंड केला का? दोषी ठरवलं का? एखाद्या विद्यापीठाने किंवा शिक्षणसंस्थेने परीक्षेला बसायला मनाई केली किंवा काढून टाकलं का? लोकसेवा आयोगाने कधी अपात्र ठरवलं का? आज एखादं प्रकरण प्रलंबित आहे का? आणि सगळ्यात वर ठळक इशारा : खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं ही अपात्रता समजली जाईल. अणुऊर्जा विभागासारख्या ठिकाणी याच्या जोडीला विशेष सुरक्षा प्रश्नावलीही भरून घेतात.

या प्रश्नांत ‘सेवन’ हा शब्द नाही. तरी सेवन आत शिरतं, तीन दारांनी. पहिलं दार एनडीपीएसचं, ते उघड आहे. दुसरं होस्टेलचं. खोलीत गांजा सापडला आणि विद्यापीठाने निष्कासित केलं तर ते विचारलेल्या गोष्टींत येतं. वॉर्डनने बोलावून दम दिला, पालकांना पत्र पाठवलं, तर ते त्यात येत नाही. तिसरं दार मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण ते दार आहे हेच पोरांना कळत नाही. ३१ डिसेंबरच्या रात्री दारूबंदी कायद्याखाली पकडलं, किंवा दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं. दुसऱ्या दिवशी कोर्टात ‘गुन्हा कबूल आहे’ म्हटलं, दंड भरला आणि घरी आले. सगळ्यांच्या लेखी विषय संपला. कायद्याच्या लेखी तुम्ही गुन्हा कबूल करून दोषी ठरला आहात आणि न्यायालयाने तुम्हाला दंड केला आहे. पाच वर्षांनी फॉर्म समोर येतो तेव्हा ‘दंड केला का’ पुढे हात आपोआप ‘नाही’ लिहितो. सिग्नल तोडल्याचा ऑनलाइन दंड वेगळा आणि हा वेगळा, एवढं ध्यानात ठेवा.

आणि ‘नाही’ लिहिल्यावर काय होतं, याचा न्यायालयांतला इतिहास बराच वळणाचा आहे. २००३ मध्ये केंद्रीय विद्यालय संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शारीरिक शिक्षणाच्या एका शिक्षकाची बडतर्फी कायम केली. त्याने प्रलंबित खटला लिहिला नव्हता. त्याचं एक म्हणणं असं होतं की मी हिंदी माध्यमातून शिकलो, फॉर्ममधले खटला आणि दोषसिद्धीचे इंग्रजी शब्द मला नीट कळले नाहीत. न्यायालयाने ते मानलं नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी हे दोनदा वाचावं. न कळणारा शब्द असेल तर सही करायच्या आधी विचारा.

२०११ मध्ये दिल्ली पोलीस भरतीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाचा सूर एकदम मऊ होता. तरुणपणी माणसाच्या हातून काही घडतं, त्याला आयुष्यभराचा शिक्का मारायचा का, असा. एकाच विषयावर दोन न्यायाधीशांची खंडपीठं वेगवेगळं बोलायला लागली, म्हणून प्रश्न तीन न्यायाधीशांपुढे गेला आणि जुलै २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत संघराज्य हा निकाल आला. आजही बोलायचं ते याच निकालावरून.

त्यात काय आहे? माहिती खरी द्यायलाच हवी. पण दडवलेलं प्रकरण किरकोळ असेल, म्हणजे कमी वयात घोषणा दिल्या किंवा तसला छोटा गुन्हा, तर नेमणूक करणारा ते माफ करू शकतो. प्रकरण गंभीर असेल तर नेमणूक रद्द करू शकतो. उलट बाजूही आहे : सगळं खरं लिहिलंत म्हणून नेमणूक मिळेलच असं नाही. तुमच्या पूर्वेतिहासाचा विचार करायचा हक्क त्यांना राहतो. पद कोणतं आहे हेही बघितलं जातं. आणि दोन वाक्यं माझ्या विषयासाठी सगळ्यात महत्त्वाची आहेत. एक, फॉर्ममधला प्रश्न नेमका हवा, मोघम चालणार नाही. जे स्पष्ट विचारलं तेवढंच सांगायची जबाबदारी उमेदवाराची. दोन, माहिती दडवली असं ठरवण्याआधी ती गोष्ट त्याला माहीत होती हे दिसायला हवं. २०२२ मध्ये रेल्वे संरक्षण दलाच्या एका जवानाला याच निकालाच्या आधारे दिलासा मिळाला, आणि त्याच वर्षी सीआरपीएफच्या प्रकरणांत न्यायालय कडक राहिलं. त्यामुळे ‘काही होत नाही रे’ म्हणणाऱ्या सीनियरवर विसंबू नका.

वय अठराच्या आत असतानाचं प्रकरण असेल तर गोष्ट वेगळी. बाल न्याय कायदा २०१५ चं २४ वं कलम सांगतं की बालकाच्या हातून घडलेल्या गुन्ह्यामुळे पुढे त्याला कोणतीही अपात्रता चिकटणार नाही, आणि नोंदीही ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायच्या. अपवाद सोळा वर्षांवरच्यांचा, ज्यांच्यावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढांसारखा खटला चालतो.

अमेरिकेत गेलेल्या आपल्या लोकांची मुलं तिथल्या नागरिक म्हणून सरकारी प्रयोगशाळांत अर्ज करतात, तेव्हा त्यांना भेटणारा फॉर्म अगदी उलट स्वभावाचा असतो. तो थेट विचारतो : गेल्या सात वर्षांत बेकायदा अमली पदार्थ घेतले का, कोणते, किती वेळा, पुन्हा घ्यायचा विचार आहे का. पोलिसांनी पकडलं असो वा नसो. यालाही इतिहास आहे. आयझेनहॉवर यांच्या एप्रिल १९५३ च्या आदेशात शब्द होता ‘व्यसनाधीनता’, त्याच ओळीत अति मद्यपान आणि ‘लैंगिक विकृती’. रोख असा की असा माणूस ब्लॅकमेलला बळी पडेल. पुढे मोजमाप व्यसनाधीनतेवरून साध्या वापरावर आलं. २००८ पासून जो आज घेतो आहे त्याला परवानगी देताच येत नाही, असा कायदा आहे. पूर्वी घेतलेल्याचं मात्र तोलून बघतात : किती जुनं, किती वेळा, संगत सुटली का, पुन्हा घेणार नाही असं लिहून दिलंय का. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या गुप्तचर खात्यांच्या प्रमुखांनी लिहून कळवलं की पूर्वी केलेलं गांजाचं सेवन विचारात घ्यायचं, पण तेवढ्यावर निकाल लावायचा नाही. आणि त्या प्रश्नाच्या वरच लिहिलेलं असतं की इथे खरं सांगितलंत तर ते फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध वापरलं जाणार नाही.

कोणती पद्धत बरी? मला अमेरिकन प्रश्न जास्त प्रामाणिक वाटतो. आपला फॉर्म नोंद विचारतो, आणि नोंद कुणाची होते हे पोलीस कुणाला थांबवतात यावर ठरतं. मोठ्या शहरातल्या सोसायटीत बंद दाराआड ओढणाऱ्याची नोंद होत नाही, एसटी स्टँडवर झडती झालेल्याची होते. १८९२ च्या रजिस्टरातली निवडच ही, फक्त कागद बदलला. पण अमेरिकन प्रश्न आपल्याकडे आणा असं मी म्हणणार नाही. ‘तुमच्याविरुद्ध वापरणार नाही’ हे लेखी अभय नसताना तो प्रश्न विचारणं म्हणजे माणसाच्या तोंडून त्याच्याच विरुद्ध नोंद तयार करणं होईल.

आता ज्यांना यात पुढे काम करायचंय त्यांच्यासाठी. १९८५ नंतरच्या पडताळणीवर मराठीत फारसं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, आणि विषय रिकामा आहे. सुरुवात न्यायालयीन निकालांपासून करा, कारण ते खुले आहेत आणि त्यांत फॉर्मचे प्रश्न जसेच्या तसे दिलेले असतात. कोणत्या साली कोणता प्रश्न वाढला, कोणता शब्द बदलला, याची नुसती तारीखवार यादी केलीत तरी ते नवं काम होईल. गावपातळीवर पोलीस पाटलांशी बोला. पडताळणीचा कागद आला की ठाण्यातून त्यांनाही विचारणा होते, आणि ते काय सांगतात, काय गाळतात, हे कुठल्याच फायलीत नाही. बोलताना नावं लिहू नका, संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी घ्या. अमली पदार्थांच्या विषयात ती सहज मिळत नाही, सहा महिने हाताशी ठेवा.

आणि १८९३ चे जबाब वाचाच. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने कमिशनचे खंड ऑनलाइन मोफत ठेवले आहेत. वाचताना साक्षीदाराच्या नावापुढचा हुद्दा आधी बघा. डेप्युटी कमिशनर, सिव्हिल सर्जन, तहसीलदार, ठेकेदार, मिशनरी, जमीनदार. दुसऱ्यांच्या ओढण्याबद्दल सांगणारे बहुतेक हेच. स्वतः ओढतो असं सांगणारा कुठे भेटला तर तिथे खूण करून ठेवा, असे जबाब थोडेच आहेत. शोधखिडकीत आजचं स्पेलिंग टाकून वाशीम सापडणार नाही. बी-ए-एस-आय-एम असं टाका.